तळ खरवडण्याआधी तळाशी कोण राहतं ते पाहा

प्रति,
नद्या, ओढे आणि बंधाऱ्यांतला गाळ काढण्याची कामं मंजूर करणारे सर्व अधिकारी,
आणि ही कामं मागून आणणारे आमचे लोकप्रतिनिधी

सप्रेम नमस्कार.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावाजवळ, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, नऊ दिवस दोन पोकलेन चालले. काम रीतसर मंजूर झालेलं होतं. पाणी ओसरलं होतं, गाळ निघाला की साठा वाढणार होता, आणि निघालेली माती ज्याला हवी त्याला शेतात टाकायला मिळणार होती. यातल्या कशालाही माझा विरोध नाही. माझं माहेर शेतकऱ्याचं आणि सासरही शेतकऱ्याचंच. मार्चमध्ये विहीर आटली की घरात काय होतं, हे मला कुणी सांगायला नको.

काम चालू असतानाच एका सकाळी मी काठावर गेले. लांबूनच वास आला. ओल्या गाळाचा ढीग काळाभोर दिसायला हवा, तो ठिकठिकाणी चमकत होता. जवळ गेल्यावर कळलं, ते शिंपले होते. लांबट, तळहातात मावतील एवढे, बाहेरून काळपट तपकिरी. बऱ्याच जणांची झाकणं बकेटच्या दातांनी फुटली होती आणि आतला मोतिया थर उन्हात लखलखत होता. बगळे आणि कावळे ढिगावर उतरले होते. मी एक शिंपला उचलला. त्याची झाकणं किंचित उघडी होती आणि फटीतून फिकट मांसल पाय बाहेर आला होता. माझं बोट लागल्यावर तो पाय सावकाश आत गेला आणि झाकणं मिटली. आदल्या दिवशी नदीतून उपसलेला जीव होता तो, अजून जिवंत होता. मी मोजायला सुरुवात केली. दोनशेपर्यंत मोजले, पुढे मोजवेना.

मशीनजवळ उभ्या असलेल्या तरुणाला मी ढीग दाखवला. तो म्हणाला, “बाई, शिंपलेच आहेत ते. रिकामे असतात.” त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्या हातातल्या कागदावर लांबी होती, रुंदी होती, खोली होती, किती घनमीटर उपसायचं ते होतं. तळाशी जिवंत काय आहे, हा रकाना त्या कागदावर नव्हताच. तो एक रकाना मागण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मी तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. बीएस्सीच्या प्रात्यक्षिकात शिंपला असायचाच. पाठ्यपुस्तकात त्याचं नाव ‘युनिओ’ असायचं, पण आमच्या ट्रेमध्ये बहुतेक वेळा यायचा तो लॅमेलिडेन्स मार्जिनालिस, भारतीय उपखंडातल्या तळ्यांत आणि संथ नद्यांत सगळीकडे आढळणारा गोड्या पाण्याचा शिंपला. लामार्कनं १८१९ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. मुलांना आम्ही त्याचं हृदय शोधायला लावायचो, आणि सापडलं की मुलं हमखास चक्रावायची, कारण त्याचं आतडं हृदयाच्या मधल्या कप्प्यातून आरपार गेलेलं असतं. डोकं नाही, डोळे नाहीत. दोन झाकणं, ती मिटणारे दोन दणकट स्नायू, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा एक पाय आणि पडद्यांसारखे कल्ले, एवढ्यावर त्याचा संसार चालतो. हे सगळं मी शिकवलं. पण तीस वर्षांत एकदाही मुलांना नदीवर नेऊन जिवंत शिंपला तळाशी कसा बसलेला असतो ते दाखवलं नाही. ही माझी चूक आहे, आणि मला वाटतं, आज तुमच्या खात्यांत इंजिनिअर म्हणून बसलेल्या पिढीला शिंपला ‘रिकामा’ वाटतो त्यात आम्हा शिक्षकांचाही वाटा आहे.

पूर्वी घराघरात त्याची ओळख होती. माझी आजी शिंपला दगडावर घासून त्याला मधोमध भोक पाडायची आणि त्या भोकाच्या धारेनं कैऱ्या सोलायची. सालीची लांबच लांब पट्टी निघायची. तान्ह्या बाळाला दूध पाजायची शिंपीही अनेक घरांत असायची. नदीकडून घरात येणारी ती वस्तू होती, म्हणून नदीत ती कुठून येते हेही बायकांना ठाऊक असायचं.

आता जिवंत शिंपला कसा दिसतो ते सांगते, कारण सर्वेक्षण करायचं तर हे दिसलं पाहिजे. जानेवारीत, पाणी निवळलेलं असताना, कमी ओढीच्या जागी काठावर पालथं पडून तळाकडे बघायचं. घाई करायची नाही. शिंपला दिसत नाही, कारण त्याचा बहुतेक भाग वाळूत किंवा चिखलात रुतलेला असतो. पुढचं टोक खाली, मागचं टोक वर. त्या वरच्या टोकाशी दोन फटी दिसतात. एकीच्या कडेला बारीक झालर असते, दुसरी गुळगुळीत. झालरीच्या फटीतून पाणी आत जातं, गुळगुळीत फटीतून बाहेर येतं. तुमची सावली पडली की दोन्ही फटी मिटतात आणि तिथं काहीच नव्हतं असं वाटतं. पाच मिनिटं हलू नका, त्या पुन्हा उघडतात. एक दिसली की नजर बसते, मग आजूबाजूला दहा-वीस दिसायला लागतात.

नदीत मासेमारी करणाऱ्या भोई समाजातले एक वयस्कर गृहस्थ आमच्याकडे आहेत. त्यांना पालथंही पडावं लागत नाही. गुडघाभर पाण्यात अनवाणी चालत जातात आणि सांगतात, “हितं हायती, पायाला लागत्यात.” कोणत्या डोहाच्या कोणत्या अंगाला शिंपले आहेत आणि कुठं कधीच नव्हते, हे त्यांच्या तळपायांना माहीत आहे. अशी माणसं बहुतेक नद्यांवर अजून आहेत. कामाच्या अंदाजपत्रकात त्यांच्या दोन दिवसांच्या मजुरीला जागा करणं अवघड नाही.

शिंपला एका जागी चिकटलेला नसतो. तो चालतो, पण फार हळू. पाय वाळूत खुपसायचा, पायाच्या टोकात रक्त भरून ते फुगवायचं, टोक घट्ट रुतलं की स्नायू आखडून बाकीचं अंग पुढे ओढायचं. पाणी ओसरायला लागलं की तो अशा रीतीनं खोल पाण्याकडे निघतो. ओल्या चिखलात त्याच्या मागे नांगराच्या तासासारखी बारीक रेघ उमटते. पाणी सावकाश उतरलं तर तो पोचतो. बर्गे, म्हणजे बंधाऱ्यात पाणी अडवणाऱ्या फळ्या, एकदम काढून पाणी एका रात्रीत सोडून दिलं तर सकाळी त्या रेघा मध्येच थांबलेल्या असतात, आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला एक शिंपला उन्हात पडलेला असतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पण त्याच्या आयुष्यातली खरी नाजूक गोष्ट वेगळीच आहे, आणि ती कळल्याशिवाय नुसते मोठे शिंपले वाचवून भागणार नाही.

नर आणि मादी वेगळे असतात, पण ते एकमेकांजवळ जात नाहीत. नर आपले शुक्राणू पाण्यात सोडतो. प्रवाहाच्या खालच्या अंगाला बसलेली मादी श्वासासाठी पाणी आत घेते, त्याच पाण्याबरोबर शुक्राणू तिच्या आत जातात. म्हणजे शिंपले एकमेकांच्या आसपास, दाटीनं असतील तरच वंश पुढे जातो. अर्ध्या किलोमीटरवर एक असे विखुरलेले शिंपले जगतात, पण म्हातारे होऊन मरतात, मूल होत नाही. फळलेली अंडी मादी आपल्या कल्ल्यांतच वाढवते. त्या दिवसांत तिचे कल्ले फुगून जाड होतात. अंड्यांतून निघतात ते ग्लोकिडियम नावाचे डिंभ, म्हणजे अळीच्या अवस्थेतली पिल्लं. मिलिमीटरच्या काही दशांशांएवढे, इवल्या दोन झाकणांचे. मादी ते हजारोंच्या संख्येनं पाण्यात सोडते.

त्यांना पोहता येत नाही. काही दिवसांच्या आत त्यांना मासा भेटावा लागतो. माशानं तोंडावाटे घेतलेलं पाणी कल्ल्यांवरून जातं तेव्हा, किंवा त्याचा पर तळाला घासला तर, डिंभ आपली झाकणं मिटून त्याला पकडतो. माशाची त्वचा त्याच्यावर वाढते आणि त्याला झाकून टाकते. त्या इवल्या फोडीत डिंभाचं रूप पालटतं. पाय तयार होतो, कल्ले तयार होतात. मग फोडी फुटते आणि छोटा शिंपला तळाशी पडतो. हजारोंतले थोडेच इथवर येतात. बाकीच्यांना मासाच भेटत नाही.

याचा अर्थ तुमच्या कामाच्या दृष्टीनं काय, ते बघा. पायानं रांगणाऱ्या या प्राण्याला नदीत वर, उगमाच्या दिशेनं जायचं एकच साधन आहे, ते म्हणजे मासा. एखाद्या टप्प्यातले शिंपले संपले तर तो टप्पा पुन्हा वसवायला वरच्या-खालच्या डोहांतून मासे यावे लागतात, आणि तेही नेमक्या त्या दिवसांत अंगावर डिंभ घेऊन. मधे बंधारा असेल, मासा ये-जा करू शकत नसेल, तर खालच्या डोहात कितीही शिंपले असले तरी वरचा डोह रिकामाच राहणार. आपल्या नद्यांवर एकामागून एक बंधारे आहेत. म्हणजे प्रत्येक दोन बंधाऱ्यांमधली वस्ती एकटी पडलेली आहे. ती एका उन्हाळ्यात उपसून काठावर टाकली, की ‘येतील परत’ म्हणायला फारसा आधार उरत नाही.

माशावरून पडलेला छोटा शिंपला पुढे बराच काळ वाळूच्या आत पुरलेला राहतो. वर येत नाही, दिसत नाही. पायावरच्या केसांनी कण ओढून खातो आणि वाळूच्या फटींतून झिरपणाऱ्या पाण्यातला प्राणवायू घेतो. इथं मला गाळाविरुद्धही बोललं पाहिजे, कारण फार बारीक गाळ त्या फटी बुजवतो आणि छोटे शिंपले गुदमरतात. काठावरची झाडी तोडली, उतारावरची माती धुपून आली, की मोठे शिंपले तग धरतात, पिल्लं मरतात. म्हणून ‘गाळाला हात लावू नका’ असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी गाळ काढणं शिंपल्यांच्याही हिताचं आहे. पण बारीक गाळाचा थर आणि त्याखालची जिवंत वाळू हे दोन वेगळे पदार्थ आहेत. पोकलेनच्या बकेटला तो फरक कळत नाही. तो फरक बकेट उतरण्याआधी माणसानं करायचा आहे.

पिल्लांचा दुसरा शत्रू सांडपाणी. सांडपाण्यातून येणारा अमोनिया फारच थोडा असला तरी छोट्या शिंपल्यांना मारक ठरतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं २०१३ साली गोड्या पाण्यातल्या अमोनियाची मर्यादा आणखी कडक केली, तेव्हा गोड्या पाण्याचे शिंपले किती संवेदनशील आहेत याची नवी माहिती त्यामागे होती. माशांना सोसेल ते पाणी शिंपल्याच्या पिल्लाला सोसत नाही. तेव्हा एखाद्या नदीत नुसते मोठे शिंपले सापडत असतील आणि बोटाच्या पेरापेक्षा लहान एकही सापडत नसेल, तर ती वस्ती जिवंत दिसत असली तरी तिचं पाळणाघर बंद पडलेलं आहे. मोजणी करताना म्हणूनच नुसती संख्या लिहून चालणार नाही, मापं लिहायला हवीत.

मोठा शिंपला पाण्यासाठी काय करतो, हे आपण सगळ्यांनी शाळेत थोडंफार वाचलेलं असतं. कल्ल्यांवरचे सूक्ष्म केस हलत राहतात, पाणी ओढलं जातं, पाण्यातलं शेवाळ, जिवाणू, कुजलेल्या पानांचे कण चिकट स्रावात अडकतात. खायचं ते तोंडाकडे जातं. नको ते स्रावात गुंडाळून, गोळी करून तळाशी टाकलं जातं. एक शिंपला दिवसाकाठी कित्येक लिटर पाणी असं गाळतो, आणि तो सुट्टी घेत नाही. काचेच्या दोन बरण्यांत नदीचं हिरवट पाणी भरा, एकीत दोन शिंपले ठेवा, एकीत काही ठेवू नका, आणि काही तासांनी दोन्हींच्या मागे छापील कागद धरा. शाळेच्या प्रयोगशाळेत मी हे शेकडो मुलांना दाखवलं आहे. अक्षरं एकीतून आधी वाचता येतात. (प्रयोग संपला की शिंपले जिथून आणले तिथंच सोडायचे.)

तळाशी टाकलेल्या त्या गोळ्या वाया जात नाहीत. किड्यांच्या अळ्या त्यावर जगतात, अळ्यांवर लहान मासे. पाण्यात तरंगणारं अन्न शिंपला तळाला आणून ठेवतो. मेल्यावर उरलेल्या शिंपल्याच्या पोटात लहान जीव आसरा घेतात. घोंगल्याफोड म्हणजे मुग्धबलाक, ज्याची चोच मिटल्यावरही मधे फट राहते, तो करकोचा गोगलगायींबरोबर शिंपलेही खातो. एक प्राणी तळातून काढला की किती जणांच्या ताटाखालची चूल विझते, हे सांगायला मला वेगळी आकडेवारी नको.

पोलंडच्या राजधानीचं, वॉर्साचं उदाहरण मला तुमच्यापुढे मुद्दाम ठेवायचं आहे, कारण तुमच्यातले बरेच जण पाणीपुरवठ्याचंही काम बघतात. विस्तुला नदीतून शहरासाठी पाणी उचलणाऱ्या तिथल्या एका केंद्रात आठ जिवंत शिंपले पाण्याच्या धारेत ठेवलेले असतात. त्यांच्या झाकणांवर संवेदक लावलेले आहेत. पाण्यात काही विषारी आलं की शिंपले मिटतात, संगणकाला ते कळतं, धोक्याचा इशारा होतो. ठरावीक काळ काम केलं की ते शिंपले पुन्हा निसर्गात सोडले जातात. ज्या प्राण्याला तिथं लाखो लोकांच्या पाण्यावर पहाऱ्याला बसवलं आहे, त्याचेच भाऊबंद आपण ट्रॉलीत भरून शेताच्या बांधावर टाकतो आहोत.

यावर तुमचा एक रास्त प्रश्न असेल. लॅमेलिडेन्स मार्जिनालिस काही दुर्मीळ जात नाही. खरं आहे. धोका असलेल्या जातींच्या जागतिक यादीत ती ‘किमान चिंता’ या गटात आहे. पण सर्वत्र आढळणाऱ्या जातीची चिंता कुणी करत नाही, आणि ती कमी होते तेव्हा ते कुणाच्या लक्षातही येत नाही. अमेरिकेतल्या नद्यांत शिंपल्यांच्या सुमारे तीनशे जाती. १८९१ पासून आयोवातल्या मस्कटीन गावात नदीच्या शिंपल्यांपासून शर्टाची बटणं करण्याचा धंदा वाढला. नदी कधी रिती होईल असं कुणालाच वाटत नव्हतं. पुढे धरणं आली, नद्यांचे तळ खोदून सरळ केले गेले, सांडपाणी आलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या सरकारनं एकवीस जाती नामशेष झाल्याचं मान्य करून संरक्षित यादीतून काढल्या. त्यातल्या आठ जाती गोड्या पाण्याच्या शिंपल्यांच्या होत्या. आज त्याच देशात उरलेल्या जातींची पिल्लं वाढवण्यासाठी केंद्रं चालवली जातात. टाकीत मासे आणायचे, त्यांच्या कल्ल्यांवर डिंभ चिकटवायचे, पिल्लं गळून पडली की गोळा करायची, वाढवायची आणि नदीत नेऊन लावायची. आपल्या नद्यांत हे काम आज नदी स्वतः करते आहे. ते बंद पडू देऊन मग टाक्या बांधणं शहाणपणाचं नाही.

शिवाय आपल्या नद्यांत एकच जात नाही. लॅमेलिडेन्स कोरियानस आहे, पॅरेसिया कोरुगाटा आहे. पॅरेसियाचं कवच आखूड आणि गोलसर, त्यावर नक्षीसारख्या सुरकुत्या असतात. चिखलापेक्षा वाळूत, वाहत्या पाण्यात तो जास्त दिसतो. कृष्णेच्या खोऱ्यात, कर्नाटकातल्या भद्रा नदीत, स्यूडोमुलेरिया डॅली नावाचा एक अजब शिंपला आहे. एडगर स्मिथ यांनी १८९८ मध्ये त्याची नोंद केली. तो वाळूत रुतत नाही, खडकाला कायमचा चिकटून वाढतो, समुद्रातल्या कालवासारखा. त्याच्या जवळच्या नात्यातल्या जाती आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत आहेत. आशियात त्या कुळातला तो एकटाच. त्याला उचलून दुसरीकडे नेता येत नाही. खडक फोडला की तो गेला. आपल्या घाटमाथ्यावरच्या नद्यांत खडकाळ टप्प्यांवर सुरुंग लावायचा किंवा ब्रेकर चालवायचा निर्णय होतो, तेव्हा खडकाला काय चिकटलेलं आहे ते आधी बघितलं जावं, एवढं तरी त्यावरून शिकता येईल.

आता मागणी. ती फार मोठी नाही, आणि खर्चाचीही नाही.

अंदाजपत्रक तयार होण्याआधी, पाणी निवळलेलं असताना, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, कामाच्या टप्प्यात दोन दिवस तळ पाहा. जवळच्या महाविद्यालयातला प्राणिशास्त्राचा विभाग आणि नदीवर पोट असलेला एक-दोन भोई, एवढी माणसं पुरतात. लोखंडी चौकट तळावर ठेवायची, तेवढ्यातली वाळू हातानं चाळायची, किती आणि केवढे शिंपले आहेत ते लिहायचं. हे काम एप्रिलमध्ये मशीन उभं राहिल्यावर करून उपयोग नाही, कारण तेव्हा नाही म्हणायची सोय कुणालाच उरलेली नसते.

जिथं दाट वस्ती सापडेल तिथं खोदू नका. हे मी प्रथम लिहिते आहे, कारण ‘स्थलांतर करू’ हे उत्तर फार लवकर दिलं जातं. शिंपले हलवता येतात, पण हलवलेले सगळे जगत नाहीत, आणि वाळूत पुरलेली पिल्लं तर हाताला लागतच नाहीत. पात्राच्या संपूर्ण रुंदीत खोदण्याऐवजी एका काठाकडची पट्टी सोडून दिली तरी तिथून पुढे वस्ती वाढू शकते. बहुतेक ठिकाणी जास्तीत जास्त गाळ बंधाऱ्याच्या भिंतीलगत असतो आणि चांगली वाळू थोडी वर. तेव्हा साठा आणि शिंपले यांत दर वेळी भांडण असेलच असं नाही. भांडण आहे असं बघितल्याशिवाय धरून चालतो, हीच अडचण आहे.

जिथं खोदण्याला खरंच पर्याय नाही, तिथंच शिंपले हलवा, आणि ते नीट हलवा. सकाळच्या गारव्यात हातानं वेचायचे. ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवायचे, बादलीत कोंबून पाण्यात बुडवून ठेवायचे नाहीत, कारण थोड्या पाण्यातला प्राणवायू ते पटकन संपवतात. त्याच दिवशी, त्याच नदीत, तशाच तळाच्या जागी न्यायचे. नुसते फेकायचे नाहीत. एकेक शिंपला पायाचं टोक खाली करून वाळूत अर्धा रोवायचा, आणि दाटीनं रोवायचा, म्हणजे पुढे वंश चालेल. मादीचे कल्ले फुगलेले दिसत असतील तर ते दिवस टाळायचे. विणीचा काळ जागेप्रमाणे आणि पाण्याच्या तापमानाप्रमाणे बदलतो, म्हणून पंचांग बघून तारीख ठरवण्यापेक्षा चार माद्या अलगद किंचित उघडून बघणं बरं. झाकण जोर लावून उघडलं तर मिटणारा स्नायू फाटतो आणि प्राणी मरतो, म्हणून हे काम माहीत असलेल्या हातांनीच व्हावं.

आणि पाणी सोडायचं असेल तेव्हा बर्गे टप्प्याटप्प्यानं काढा. एका रात्रीत डोह रिकामा करू नका. याला पैसे लागत नाहीत, फक्त दोन-चार दिवस आधी सुरुवात करावी लागते. माझ्या मते या पत्रातली सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त जीव वाचवणारी सूचना हीच आहे.

मोतीसंवर्धनाचं प्रशिक्षण घेऊन येणाऱ्या तरुणांबद्दलही एक ओळ. भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेनं गोड्या पाण्यातल्या मोत्यांचं तंत्र वर सांगितलेल्या लॅमेलिडेन्सच्या दोन आणि पॅरेसियाची एक अशा तीन जातींवर बसवलं, आणि त्यातून काही घरांना उत्पन्न मिळालं तर मला आनंदच आहे. पण शिंपले नदीतून पोती भरभरून आणले जात असतील, तर त्याचीही नोंद आणि मर्यादा असायला हवी. मासेमारीचे ठेके जे देतात त्यांच्या अखत्यारीत हे सहज बसतं.

ज्या बंधाऱ्याची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली, तिथं त्या सकाळी मी आणि शेजारच्या दोन बायका ढिगातले जिवंत शिंपले वेचत बसलो. शिकवणीला निघालेली चार मुलंही थांबली. मशीनवाल्या तरुणानं आम्हाला अर्धा तास जागा करून दिली, आणि शेवटी स्वतः खाली उतरून दोन पाट्या भरून दिल्या. आम्ही ते वरच्या डोहात, वडाच्या खालच्या वाळूत रोवले. यंदा जानेवारीत मी तिथं पालथी पडून बघितलं. काही फटी उघड्या दिसल्या. पेराएवढं पिल्लू अजून दिसलेलं नाही.

बंधाऱ्याच्या खालच्या टप्प्याचं काम पुढच्या उन्हाळ्यात निघणार असं गावात बोललं जातं आहे. तसं असेल तर अंदाजपत्रक व्हायच्या आधी कळवावं ही विनंती. चौकट, चाळणी आणि ओली गोणपाटं आमच्याकडे आहेत, आणि पाण्यात उतरायला तयार असलेले सात-आठ जण. भोईकाका म्हणतात, खालच्या टप्प्यात उजव्या काठाला, जुन्या धोबीघाटाच्या समोर, पायाला सगळ्यांत जास्त लागतात. सुरुवात तिथून करू.

आपली,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षिका